माजघराचा पत्ता

काकांनी पहिल्या भेटीत मला आडनाव विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण अमेरिकेत तोवर भेटलेल्या प्रत्येक मराठी माणसानं दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ते विचारलं होतं, आणि ते ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी बारीकशी हालचाल होते ती मी नागपुरात लहानपणापासून ओळखत होते. काकांनी विचारलं, "गाडीचं दार कसं लावतेस?"

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात काहीतरी घोळ झाला.

"लावून दाखव," ते म्हणाले.

ऑफिसच्या आवारात त्यांची हिरवी पिकअप उभी होती. मी आत बसले आणि चारचौघांसारखं धाडकन दार लावलं. काकांनी डोळे मिटून घेतले. "झालं! पलीकडच्या डोंगरापर्यंत निरोप गेला की माणूस आलाय. पुन्हा लाव." मोंटानातल्या त्या थंडीत, नाक गळत असताना, मी गाडीचं दार लावायला शिकले. दोन्ही हातांनी धरायचं, दुधाच्या पातेल्यावर झाकण टेकवतो तसं टेकवायचं, मग खांद्यानं हलकेच दाबायचं. बऱ्याच खटपटीनंतर एकदाचं ते बिनआवाजी लागलं, तेव्हा म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून ये. आणि सर म्हणू नकोस, इथे कुणी कुणाला सर म्हणत नाही. काका म्हण."

हे ऐंशीच्या दशकाच्या मध्यातलं. मी तिथल्या विद्यापीठात वन्यजीवांचा अभ्यास करायला आले होते आणि काका राज्याच्या वन्यजीव खात्यात शास्त्रज्ञ होते. माझ्या प्रोफेसरांनी मला फील्डवर्कसाठी त्यांच्या हवाली केलं होतं. देताना म्हणाले होते, "तो माणूस जरा विचित्र आहे, पण तुमच्याकडचाच आहे." जणू आमच्याकडे सगळे तसेच असतात.

काकांचं काम एका वाक्यात सांगण्यासारखं होतं. शिकारीचा हंगाम सुरू झाला की एल्क कुठे जातात? एल्क म्हणजे आपल्या सांबराचं थोरलं भावंड म्हणावं असं हरण, अंगानं घोड्याएवढं. शरदात तिथे रायफलच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. सगळं कायद्यानं, लायसन्स घेऊन. पेट्रोलपंपावरचा माणूस, शाळेतला मास्तर, चर्चमधला पाद्री, सगळे नारिंगी जाकिटं घालून डोंगरात शिरतात, कारण हिवाळाभराचं मटण घरात यायचं असतं. हंगामात किती एल्क मारले गेले ते खातं नेमानं मोजायचं. काकांचं म्हणणं होतं की तो आकडा अर्धाच आहे. "बंदुकीनं किती मेले ते सगळे मोजतात," ते म्हणायचे. "भीतीनं किती उपाशी राहिले, ते कोण मोजणार?" आणि मग स्वतःच उत्तर द्यायचे, "मी. दुसऱ्या कुणाला वेळ आहे?"

सप्टेंबर उजाडला की त्यांच्या घरात फोडणी बंद व्हायची, ती थेट नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत. हिंगाचा वास लोकरीत बसतो, लोकर अंगावर असते आणि वारा काही आपल्या बाजूचा नसतो, असं त्यांचं गणित. तेवढे महिने उकडलेले बटाटे, मीठभात, दही. साबण बिनवासाचा. स्वेटर एकच, तोही फरच्या, म्हणजे तिथल्या सूचिपर्णी झाडाच्या, पाल्याबरोबर पोत्यात भरून ठेवलेला. त्यामुळे काका शेजारून गेले की कुणीतरी ख्रिसमसचं झाड उचलून नेतंय असं वाटायचं. मी एकदा न राहवून माझ्या खोलीवर कांदेपोहे केले आणि दुसऱ्या दिवशी तशीच गाडीत बसले. काकांनी नुसती खिडकीची काच खाली केली आणि सगळा घाट चढून होईपर्यंत खालीच ठेवली. माझे कान बधिर झाले होते. त्यानंतर मी पोह्यांचं नाव काढलं नाही.

त्या खोऱ्याला त्यांनी घराची नावं दिली होती. खालचं मोठं कुरण म्हणजे ओटी; उन्हाळ्यात संध्याकाळी एल्क तिथे खुशाल उघड्यावर चरायचे, रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसायचे. कुरणाच्या कडेची विरळ झाडी ती पडवी. डोंगरापलीकडे एका बड्या मालकाचं कुंपण घातलेलं रँच होतं, ते परस. आणि मधे, दोन कड्यांच्या बेचक्यात, फरच्या झाडांचा एक पट्टा होता, इतका गच्च की भर दुपारी आत गेलं तरी काही वेळ काहीच दिसायचं नाही. पडलेले ओंडके, त्यांच्यावर पडलेले ओंडके, खाली शेवाळ. ते माजघर.

"शिकारीला माझा विरोध नाही," काका मला म्हणाले होते. "ओटीवर या, पडवीत या. पण घरात एक खोली अशी हवी की नाही, जिथे पाहुणा शिरत नाही?"

हंगाम कधी उघडणार हे एल्कना कॅलेंडरवरून कळत नाही, पण गाड्यांवरून कळतं. आदल्या आठवड्यात लोक जागा हेरायला येऊ लागतात, धुळीचे लोट उठतात, दारं धाडधाड लागतात. काकांनी वर्षानुवर्षं कळपाच्या मागे फिरून दाखवून दिलं होतं की पहिली गोळी सुटण्याआधीच कळप ओटी सोडतो. रस्त्यापासून लांब, चढाच्या, अंधाऱ्या झाडीत जाऊन उभा राहतो. एरवी डोंगर दणाणून सोडणारी नरांची शीळ बंद होते. झाडीत गवत जवळजवळ नसतं. चरायला ते काळोख पडल्यावर चोरासारखे बाहेर येतात, घाईघाईत चार घास खातात आणि परत जातात. अंगावर चरबी चढवायचे नेमके तेच दिवस असतात. म्हणजे माजघरात जीव वाचतो, पोट भरत नाही. पण तेही नसेल तर काहीच नाही, हे काका पुन्हा पुन्हा सांगत. सगळ्या खोऱ्यात तशी जागा आता तेवढी एकच उरली होती. बाकी सगळीकडे लाकूडतोडीचे रस्ते पोचले होते.

कळपाला वाट दाखवणारी एक म्हातारी मादी होती. तिच्या गळ्यात आम्ही बसवलेला रेडिओचा पट्टा होता. अँटेना हातात धरून फिरवली की रिसीव्हरमधून तिची टिकटिक ऐकू यायची, आणि ती कुठे आहे ते कळायचं. खात्याच्या लेखी ती एक नंबर होती. काका तिला आत्याबाई म्हणायचे, आणि तेही आदरार्थी बहुवचनात. "आत्याबाई पडवीत आल्यात. आज त्यांची लक्षणं ठीक दिसत नाहीत, कुणावर तरी चिडल्यात." मी पहिल्यांदा हसले, तर म्हणाले, "हसतेस काय? आमच्या आत्यानं एकदा पुरातून असंच अख्खं घर पुढे घालून नेलं होतं, मुलंबाळं, म्हशी, सगळं. यांचं नाक अगदी तसंच आहे."

आता रेडिओचं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

आमच्या दोघांच्या गाड्यांत वॉकीटॉकीसारखे खात्याचे रेडिओ होते. मी एका डोंगरावर, काका दुसऱ्यावर. दोघांनी एकाच वेळी टिकटिकीची दिशा धरायची आणि एकमेकांना सांगायची. अडचण अशी, की त्या गावात घरोघरी स्कॅनर होते. पोलीस, अग्निशमन, वनखातं, कुणाचंही बोलणं त्या पेटीवर ऐकू यायचं. टीव्हीवर दोनच चॅनल धड दिसणाऱ्या गावात लोक संध्याकाळी तेच ऐकत बसायचे. कळप कुठे आहे हे आम्ही इंग्रजीत बोलणं म्हणजे गावभर दवंडी पिटणं.

म्हणून मी आल्या आल्या काकांनी ठरवलं, रेडिओवर मराठी. एवढा आनंद झालेला माणूस मी क्वचित पाहिला. मी येण्याआधी कित्येक वर्षं त्यांना त्या डोंगरात मराठीत बोलायला कुणी नव्हतं. आता भाषाही मिळाली आणि कुलूपही. "आत्याबाई माजघरात गेल्या, ओव्हर!" असं ते इतक्या थाटात म्हणायचे की लग्नातला सनईवाला बरा. ऑफिसात रेडिओवर बसणाऱ्या बाईनं मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "तुझा बॉस तुला सारखं 'अ‍ॅटाबॉय, अ‍ॅटाबॉय' म्हणतो, तू तर मुलगी आहेस. तुला राग नाही येत?" अ‍ॅटाबॉय म्हणजे आपल्याकडचं शाब्बास रे पठ्ठ्या! मी ते काकांना सांगितलं. ते गाडी थांबवून, स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसले. त्यांना मी तसं हसताना नंतर कधी पाहिलं नाही.

खात्यातल्या आमच्या साहेबांना मात्र हे पसंत नव्हतं. "सरकारी रेडिओवर इंग्लिश बोला," ते म्हणाले.

"एल्कना मराठी आवडतं," काका म्हणाले.

साहेबांचा खरा राग वेगळाच होता. काकांच्या अहवालात प्रत्येक वर्षी खोऱ्याचा नकाशा असायचा. त्यात ओटी, पडवी, परस सगळं रंगवलेलं, आणि माजघराच्या जागी कोरा कागद. कळप हंगामात कुठे लपतो, हेच तर शोधायला त्यांना नेमलं होतं, आणि तेवढंच ते दाखवत नव्हते. साहेब म्हणायचे, जागा दाखवा, मग आपण तिथे शिकार बंद करण्याची शिफारस करू. काका म्हणायचे, आधी बंद करा, मग दाखवतो. शिफारशीवर सुनावणी होते, सुनावणीत नकाशा भिंतीवर लागतो, आणि निकाल लागेपर्यंत एक हंगाम उलटून जातो. असं पलीकडच्या खोऱ्यात झालेलं त्यांनी पाहिलं होतं. तिथला कळप अहवाल छापून यायच्या आत संपला होता. त्या कोऱ्या कागदापायी काकांची बढती अडली, मदतनीस काढून घेतले गेले, त्यांचं टेबल सरकत सरकत जिन्याखाली आलं. मी एकदा म्हटलं, "काका, थोडं तरी द्या ना. अंदाजे."

"अंदाजे म्हणजे काय? बंदुकीला अंदाज पुरतो."

माझ्या तिसऱ्या हंगामाच्या आदल्या दिवशी आत्याबाई नेहमीप्रमाणे कळप घेऊन माजघरात गेल्या. काकांनी रेडिओवर तसं सांगितलं. आवाजात समाधान होतं, पोरं वेळेवर घरी आल्यावर आईच्या आवाजात असतं तसं. दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही दोघं समोरच्या कड्यावर दुर्बिणी घेऊन बसलो. दरवर्षी बसायचो. गंमत पाहायची असायची: खाली कुरणात नारिंगी ठिपके फिरताहेत, पडवीत फिरताहेत, आणि सगळा कळप त्यांच्या डोक्यावरच्या अंधारात गुपचूप उभा आहे.

त्या सकाळी कुरणात कुणीच नव्हतं. काका म्हणाले, "हे काय? सगळे झोपले की काय?"

मग पहिली गोळी माजघरातूनच सुटली.

एक नाही, आतून, दोन्ही कड्यांकडून, एकामागून एक. लोक रात्रीच पाठच्या बाजूनं चढून आत जाऊन बसले होते. झाडी हलली आणि कळप उघड्या उतारावर आला, कसाही, वाट नाही की ओळ नाही, पिल्लं एकीकडे आणि माद्या दुसरीकडे. उताराच्या तळाशी आणखी माणसं होती. मी दुर्बीण खाली ठेवली. काकांनी ठेवली नाही. त्यांच्या तोंडून सारखं एकच येत होतं, "तिकडे नको, अगं तिकडे नको." ते मराठीत आत्याबाईंना सांगत होते.

गळ्यातल्या पट्ट्याची एक गोष्ट सांगायची राहिली. जनावर जिवंत असलं की टिकटिक सावकाश असते. ते काही तास अजिबात हललं नाही, की पट्टा आपोआप दुप्पट वेगानं वाजू लागतो, म्हणजे आमच्यासारख्यांना कळावं. दुपारी आम्ही अँटेना धरली. टिकटिक धावत होती. काकांनी रिसीव्हर बंद केला, पुन्हा चालू केला, बॅटरी काढून घातली, पुन्हा ऐकलं. मग मला म्हणाले, "तू ऐक. माझे कान गेलेत." मी ऐकलं आणि मान हलवली. परतताना त्यांनी गाडीचं दार धाडकन लावलं. ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

दोन-तीन दिवसांनी एक माणूस ऑफिसात तो पट्टा परत करायला आला. तसा नियमच होता: पट्टा सापडला तर खात्याला द्यावा. भला माणूस होता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. टोपी काढून आत आला, बूट पुसले. त्यानं बेकायदा काही केलं नव्हतं. काका जिन्याखाली टेबलाशी बसले होते, मी शेजारी. त्यानं पट्टा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "डॉक, तुला थँक यू म्हणायचं होतं. गेल्या वर्षीपर्यंत पक्कं कळत नव्हतं, पण या वर्षी आम्ही बरोबर माझगारमध्येच जाऊन बसलो."

काकांनी पट्ट्याकडे नेलेला हात मागे घेतला.

"माझ-गार," तो पुन्हा म्हणाला, आपण शब्द नीट उच्चारला नाही असं वाटून. "म्हणजे ती काळी झाडी. बरोबर ना? ओटी ते कुरण. आणि अ‍ॅटाबॉय ही म्हातारी."

"हू टोल्ड यू?" काकांनी विचारलं.

"तूच की!" तो मनापासून हसला. त्याच्या मेव्हण्याचा रस्त्याच्या फाट्यावर पेट्रोलपंप होता, तिथे काउंटरवर स्कॅनर दिवसभर चालू असायचा. रेडिओवर माझगार ऐकू आलं की थोड्या वेळानं काकांची हिरवी गाडी काळ्या झाडीसमोरच्या, उत्तरेच्याच रस्त्यानं खाली यायची. ओटी ऐकू आलं की कुरणाकडून. एक हंगाम त्यांनी नुसतं ऐकलं, दुसऱ्या हंगामात जुळवलं. "आम्हाला वाटलं, तू आमच्यासाठीच सांगतोस. सरळ सांगायची परवानगी नसेल म्हणून तुमच्या भाषेत." जाताना त्यानं काकांशी हात मिळवला. मला म्हणाला, "मॅम." दार अगदी हळू लावलं.

जनावर माणसाच्या सवयी शिकतं, हे काकांनी आयुष्य घालून सिद्ध केलं होतं. कुठल्या आवाजानंतर काय होतं हे नुसतं ऐकून ऐकून एल्क लक्षात ठेवतात, असं त्यांच्या प्रत्येक अहवालात लिहिलेलं असायचं. शिकारीही त्याच खोऱ्यात राहत होते आणि त्यांनाही कान होते, एवढंच त्यांना सुचलं नव्हतं. मलाही नाही. आम्ही आमच्या भाषेच्या कौतुकात होतो. जी जागा त्यांनी साहेबांना, सुनावणीला, बढतीच्या बदल्यातही दिली नाही, ती त्यांनी रोज खणखणीत आवाजात गावाला सांगितली होती.

त्याच संध्याकाळी मी कुरणाजवळून रेडिओवर बोलले, "काका, मी ओटीपाशी आहे, ओव्हर."

खरखर झाली. मग त्यांचा आवाज आला, सरळ, सपाट. "प्लीज रिपीट इन इंग्लिश."

मला वाटलं साहेब शेजारी बसले असतील. नव्हते. दुसऱ्या दिवशी गाडीत आम्ही दोघंच होतो, रेडिओ बंद होता, तरी ते इंग्रजीतच बोलले. मी मराठीत विचारायची, ते इंग्रजीत उत्तर द्यायचे, व्याकरणशुद्ध, जसं काही मी शेजारच्या काउंटीतून आले आहे. मी चिडले, भांडले. "काका, हे काय नाटक आहे?" ते म्हणायचे, "लेट्स फोकस ऑन द वर्क." पण काम तरी काय उरलं होतं? उरलेला कळप पुन्हा माजघरात गेला नाही. डोंगर ओलांडून परसात शिरला. रँचवाल्यानं गवताच्या गंजी वाचवायला कुत्री सोडली. परत आला, तर इकडे बंदुका. हंगाम संपेपर्यंत ते या बाजूचे त्या बाजूला होत राहिले. कुठेही एक दिवस स्वस्थ उभं राहायला जागा नव्हती. मग बर्फ आलं.

बर्फ वितळल्यावर आम्ही खोरं पायी पालथं घातलं. मेलेली जनावरं ओढ्याकाठी, कुंपणाकाठी, बसल्या जागी पडलेली. अशा वेळी मांडीचं हाड फोडून आतली मज्जा बघतात. पांढरी, घट्ट, लोण्यासारखी असली तर जनावराच्या अंगात चरबी होती. लाल आणि पातळ असली तर ते उपाशी मेलं. काका हाड फोडायचे, बघायचे, माझ्याकडे द्यायचे. सगळी लाल होती. पिल्लांची तर नुसती पाण्यासारखी. यातल्या एकालाही गोळी लागलेली नव्हती. एवढी वर्षं ते जे साहेबांच्या कानीकपाळी ओरडत होते, त्याचा पुरावा आता ढिगानं पडला होता. काका खरे ठरले होते. मला त्या डोंगरात बसून भोकाड पसरावंसं वाटलं. मी पसरलंही. त्यांनी मला रुमाल दिला आणि पुढचं हाड उचललं.

त्यानंतर काही दिवसांनी मला न्यू जर्सीहून एक फोन आला. काकांना बायको आणि मुलगी होती. दोघी तिथल्या आयसेलिन गावी राहायच्या. काकूंना डोंगरातला एकटेपणा सोसला नाही. मुलीच्या शाळेचं निमित्त करून त्या गेल्या त्या गेल्याच. भांडण नव्हतं, दर रविवारी काका फोन करायचे. मी कधी त्यांच्याकडे असले तर ऐकू यायचं. काका मराठीत विचारायचे, "जेवलीस का बाळ?" मुलगी तिकडून इंग्रजीत काहीतरी एका शब्दाचं सांगायची. "काय जेवलीस?" पुन्हा एक शब्द. इकडे जन्मलेल्या मुलांचं सगळीकडे हेच होतं. ती चौदा-पंधराची असेल. मैत्रिणींसमोर मराठी बोलू नका म्हणून तिनं त्यांना बजावलेलं मला ठाऊक होतं.

"ताई?" फोनवर ती म्हणाली. आम्ही कधी भेटलो नव्हतो. "इज माय डॅड सिक?"

"नाही गं. का?"

"ही टॉक्स टू मी इन इंग्लिश." आणि ती रडायला लागली. "ही सेज 'हाऊ आर यू'. ही सेज 'हाऊ इज स्कूल'. लाइक आय अ‍ॅम जस्ट समबडी." मग, आयुष्यात पहिल्यांदाच बोलत असल्यासारखं, तुटक मराठीत, "ताई, बाबा मला बाळ नाही बोलत."

मी तशीच उठून काकांकडे गेले. दुपार होती, ऊन चांगलं पडलं होतं. ते स्वयंपाकघरात बसले होते. चहा केला, माझ्यापुढे ठेवला, "शुगर?" म्हणाले. तीन वर्षं त्यांच्या हातचा चहा प्यायले होते, माझी साखर त्यांना माहीत होती. मी म्हटलं, "काका, पोरगी रडते आहे. तुम्ही माझ्याशी बोलू नका, माझी काही तक्रार नाही. मी उद्या पदवी घेऊन निघून जाईन. पण तिच्याशी बोला. सगळं नका बोलू. एकदा फोन करा आणि नुसतं 'बाळ' म्हणा. एवढं एकच म्हणा."

 मला वाटलं म्हणतील. ओठ हललेही. मग त्यांनी खिडकीकडे पाहिलं, उठले, खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसले. आवाज खाली आणून, अगदी समजुतीच्या सुरात, मला इंग्रजीत म्हणाले, "देन दे विल नो व्हेअर शी इज."